काखेतला कळसा : रेकॉर्ड केलेला मॅक्रो शोधताना

लासलगावात लिलाव उरकले, ट्रॅक्टर व्यापाऱ्यांच्या खळ्यांवर जाऊन रिकामे झाले, की दिवसाचं दुसरं काम सुरू होतं. हे काम हिशेबाचं. आशियातली सर्वांत मोठी कांदा बाजारपेठ म्हणून नाशिक जिल्ह्यातलं हे गाव ओळखलं जातं, आणि इथे विकल्या गेलेल्या प्रत्येक ट्रॉलीमागे आकड्यांची एक ओळ उभी असते : वाहनाचा नंबर, शेतकऱ्याचं नाव, काट्यावरचं वजन, क्विंटलचा भाव, हमाली, तोलाई, हातात पडलेली रक्कम.

अशाच एका खळ्याच्या ऑफिसात एका बुधवारी संध्याकाळी मी बसलो होतो. कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी एमएस-सीआयटी करून इथे नोकरीला लागलेली. हिशेबपट्ट्यांच्या सॉफ्टवेअरमधून रोज संध्याकाळी खरेदीची यादी एक्सेलच्या नव्या फाइलमध्ये निघायची. मग तिचं ठरलेलं काम सुरू व्हायचं. रिकाम्या ओळी काढायच्या, चांगला माल आणि गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी करायची, वजनाची बेरीज घ्यायची, किमान, कमाल आणि सरासरी भाव काढायचा, चौकटी आखायच्या आणि सगळं एका पानात बसवून प्रिंट काढायची. क्रम रोज तोच, हात रोज तेच, आकडे तेवढे वेगळे.

सोमवारी तिने हे सगळं मॅक्रो म्हणून रेकॉर्ड केलं. लगेच चालवून पाहिलं, नीट चाललं. मंगळवारी नवी फाइल उघडली तर मॅक्रो नाही. तिने हार न मानता पुन्हा रेकॉर्ड केला. बुधवारी तोही दिसेना. कोडचा एडिटर उघडून ती माझ्याकडे वळली. “सर, दोनदा केला आणि दोन्ही वेळा गेला. हे बघा, पान कोरं आहे.”

शेजारी चष्मा कपाळावर ठेवून बसलेले दिवाणजी म्हणाले, “गेला म्हणजे काय? ठेवला कुठं होतास ते आधी सांग.”

दिवाणजींनी आयुष्यात कधी मॅक्रो लिहिलेला नव्हता, पण त्यांचा प्रश्न अचूक होता. हे सगळं प्रकरण त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

रेकॉर्डर काय टिपतो

मॅक्रो रेकॉर्डर हा लघुलेखकासारखा आहे. आपण बोलतो आणि तो लिहून घेतो. फरक इतकाच, की इथे आपण तोंडाने बोलत नाही, माउस आणि कीबोर्डने बोलतो. एखादी ओळ काढून टाकली की एक वाक्य लिहिलं जातं, स्तंभ रुंद केला की दुसरं, अक्षर ठळक केलं की तिसरं. ही वाक्यं ज्या भाषेत लिहिली जातात तिचं नाव व्हिज्युअल बेसिक फॉर अ‍ॅप्लिकेशन्स, म्हणजेच व्हीबीए. १९९३ साली एक्सेलच्या पाचव्या आवृत्तीत ही भाषा आली आणि आजही तीच चालते. तेव्हा लिहिलेले कितीतरी मॅक्रो आजच्या एक्सेलमध्येही काम करतात.

म्हणजे रेकॉर्ड केलेला मॅक्रो हा अखेर एक मजकूर आहे. मजकूर म्हटला की त्याला कागद लागतो, कागदाला फाइल लागते आणि फाइलला कपाट लागतं. लघुलेखकाने टिपण कुठल्या वहीत लिहिलं, ती वही कुठल्या कपाटात गेली आणि कपाट बंद करताना कोणी ती वही टाकून तर दिली नाही ना, इतकंच शोधायचं असतं. बहुतेक वेळा मॅक्रो हरवलेला नसतो, आपण दुसऱ्याच वहीची पानं चाळत असतो.

मॅक्रोची तीन घरं

रेकॉर्डिंग सुरू करताना एक छोटी चौकट उघडते. तिच्यात मॅक्रोचं नाव, शॉर्टकट, तो कुठे साठवायचा ती जागा आणि वर्णन अशा चार गोष्टी विचारल्या जातात. नाव सगळे भरतात, किंवा एक्सेलने सुचवलेलं ‘मॅक्रो१’ तसंच ठेवतात. तिसऱ्या ओळीकडे मात्र फारसं कोणी बघत नाही, आणि मॅक्रोचं पुढचं सगळं नशीब त्याच ओळीत ठरतं.

या ओळीत तीन पर्याय असतात. ‘धिस वर्कबुक’ निवडलं तर मॅक्रो आत्ता उघडलेल्या फाइलमध्ये राहतो आणि ती फाइल उघडी असेल तेव्हाच भेटतो. ‘न्यू वर्कबुक’ निवडलं तर एक्सेल एक कोरी फाइल उघडून टिपण तिच्यात ठेवतं. ती फाइल वेगळी सेव्ह केली नाही तर टिपणही तिच्याबरोबर जातं. तिसरा पर्याय ‘पर्सनल मॅक्रो वर्कबुक’. ही तुमच्या खात्याची खासगी वही. एक्सेल सुरू झालं की ती पडद्याआड आपोआप उघडते आणि तिच्यातले मॅक्रो कुठल्याही फाइलवर चालवता येतात.

मुलीला विचारलं, तर सोमवारी तिने या ओळीला हात लावला नव्हता. म्हणजे तो मॅक्रो सोमवारच्या फाइलमध्ये गेला. मंगळवारची यादी सॉफ्टवेअरमधून निघालेली स्वतंत्र, नवी कोरी फाइल होती. तिच्यात सोमवारचा मॅक्रो असण्याचं काही कारणच नव्हतं. मंगळवारी मात्र मैत्रिणीने फोनवर सांगितल्यामुळे तिने ‘पर्सनल’ निवडलं होतं. म्हणजे दोन मॅक्रो, दोन घरं. शोधही दोन ठिकाणी करायला हवा होता.

एडिटरची डावी बाजू

ऑल्ट आणि एफ११ ही बटणं एकत्र दाबली की कोडचा एडिटर उघडतो. नवख्या माणसाची नजर सरळ मधल्या मोठ्या पांढऱ्या पानाकडे जाते. ते पान कोरं दिसलं की मॅक्रो गेला असं वाटतं. शोध मात्र डाव्या बाजूच्या अरुंद पट्टीत घ्यायचा असतो. तिचं नाव प्रोजेक्ट एक्सप्लोरर. ती दिसत नसेल तर कंट्रोल आणि आर दाबावं.

ही पट्टी म्हणजे वंशावळीसारखा वृक्ष असतो. जितक्या एक्सेल फाइल उघड्या तितकी मूळ खोडं, प्रत्येकाचं नाव ‘व्हीबीए प्रोजेक्ट’ आणि पुढे कंसात फाइलचं नाव. प्रत्येक खोडाला आधी एक फांदी असते, ‘मायक्रोसॉफ्ट एक्सेल ऑब्जेक्ट्स’. तिच्याखाली फाइलमधल्या प्रत्येक शीटचं एक पान आणि ‘धिस वर्कबुक’ नावाचं एक पान असतं. रेकॉर्डर या पानांवर कधीच लिहीत नाही. तो ‘मॉड्यूल्स’ नावाची वेगळी फांदी तयार करतो आणि तिच्याखालच्या ‘मॉड्यूल१’, ‘मॉड्यूल२’ अशा पानांवर लिहितो.

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. शीटच्या नावावर उजवं क्लिक करून ‘व्ह्यू कोड’ म्हटलं की थेट त्या शीटचं पान उघडतं, आणि ते कोरंच असतं. माणूस त्या कोऱ्या पानाकडे बघत बसतो आणि मॅक्रो चार ओळी खाली मिटलेल्या फांदीत असतो. ‘मॉड्यूल्स’ शेजारचं अधिकचं चिन्ह दाबून फांदी उघडायची आणि आतल्या मॉड्यूलच्या नावावर दोनदा क्लिक करायचं. एकदा क्लिक केल्याने फक्त निवड होते, पान उघडत नाही.

आणखी एक बारकावा लक्षात ठेवण्यासारखा आहे. एकाच बैठकीत चार मॅक्रो रेकॉर्ड केले तर ते सहसा एकाच मॉड्यूलमध्ये एकाखाली एक येतात. पण फाइल बंद करून पुन्हा उघडली आणि नवा मॅक्रो रेकॉर्ड केला, तर एक्सेल त्याच्यासाठी नवं मॉड्यूल काढतं. त्यामुळे कालचे मॅक्रो ‘मॉड्यूल१’ मध्ये आणि आजचा ‘मॉड्यूल२’ मध्ये असतो. सवयीने ‘मॉड्यूल१’ उघडून आजचा मॅक्रो शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

वृक्षात शोधायचं नसेल तर एक जवळची वाट आहे. एक्सेलमध्ये ऑल्ट आणि एफ८ दाबलं की मॅक्रोंची यादी येते. खाली ‘मॅक्रोज इन’ या ओळीत ‘ऑल ओपन वर्कबुक्स’ निवडलेलं आहे ना, ते पाहावं. यादीत नाव दिसलं की ते निवडून ‘एडिट’ दाबायचं. एडिटर नेमक्या त्या मॉड्यूलच्या नेमक्या ओळीवर उघडतो. नावाआधी दुसऱ्या फाइलचं नाव आणि उद्गारचिन्ह दिसत असेल, तर मॅक्रो त्या फाइलमध्ये राहतो एवढंही तिथेच कळतं.

आम्ही ती यादी उघडली. पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं : ‘पर्सनल डॉट एक्सएलएसबी’, उद्गारचिन्ह, ‘मॅक्रो१’. मंगळवारचा मॅक्रो जागेवरच होता.

पडद्याआडची वही

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण या पर्सनल वर्कबुकला चपखल बसते. ते सतत उघडं असतं आणि दिसत कधीच नाही. पहिल्यांदा कोणी तिसरा पर्याय निवडून रेकॉर्ड करतं तेव्हाच ही फाइल जन्माला येते. त्याआधी ती अस्तित्वात नसते, म्हणून काहींच्या एडिटरमध्ये तिचं नाव दिसत नाही आणि त्यात काही बिघाडही नसतो.

मुलीने यादीत नाव निवडून ‘एडिट’ दाबलं, तर एक्सेलने नकार दिला : लपवलेल्या वर्कबुकमधला मॅक्रो इथून बदलता येत नाही. हा निरोप वाचून अनेकजण परत फिरतात. वाट दोन प्रकारे निघते. ‘व्ह्यू’ टॅबवरच्या ‘अनहाइड’ने ती फाइल पुढे आणायची, किंवा सरळ ऑल्ट-एफ११ दाबून डावीकडच्या वृक्षात पर्सनलचं खोड उघडायचं आणि त्याचं मॉड्यूल दोनदा क्लिक करायचं. दुसरी वाट बरी, कारण तिच्यात काही उघडं करावं लागत नाही. पहिली घेतली तर काम झाल्यावर ‘हाइड’ करायला विसरू नये, नाहीतर रोज एक्सेल उघडलं की ही वही समोर येऊन बसते.

या वहीचे तीन धोके आहेत. पहिला एक्सेल बंद करतानाचा. पर्सनल वर्कबुकमधले बदल सेव्ह करायचे का, असं एक्सेल शेवटी विचारतं. घरी जायच्या घाईत माणूस ‘डोन्ट सेव्ह’ दाबतो, कारण आपली फाइल तर त्याने आधीच सेव्ह केलेली असते. त्या एका क्लिकमध्ये त्या बैठकीचे सगळे नवे मॅक्रो जातात. हे टाळायचं तर रेकॉर्डिंग झाल्या झाल्या एडिटरमध्ये पर्सनलचं खोड निवडून तिथेच सेव्ह करावं.

दुसरा धोका एक्सेल अचानक कोसळण्याचा. तसं झाल्यावर एक्सेल कधीकधी या फाइलवर संशय घेऊन तिला नाकारलेल्यांच्या यादीत टाकतं. मग फाइल डिस्कवर असते, पण उघडत नाही आणि सगळे मॅक्रो एकदम नाहीसे झाल्यासारखे वाटतात. अशा वेळी ‘फाइल’मधून ‘ऑप्शन्स’, तिथून ‘अ‍ॅड-इन्स’मध्ये जावं. तळाच्या ‘मॅनेज’ या ओळीत ‘डिसेबल्ड आयटम्स’ निवडून ‘गो’ म्हणावं. यादीत पर्सनल दिसली तर ‘इनेबल’ करून एक्सेल बंद करून पुन्हा सुरू करावं.

तिसरा धोका सर्वांत जड आहे, आणि तो मी जवळून पाहिला आहे. एका ऑफिसात वर्षानुवर्षं पगारपत्रक तयार करणाऱ्या एका बाईंनी पन्नासेक छोटे मॅक्रो साठवले होते. कॉम्प्युटर संथ झाला म्हणून तो फॉरमॅट केला गेला. फॉरमॅट करणाऱ्याने डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डी ड्राइव्ह जपून कॉपी केले, जे कोणीही करतं. पण पर्सनल वर्कबुक तिथे राहत नाही. ते विंडोजच्या खात्यात, ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरच्या पोटात, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, एक्सेल असं खोल उतरत जाऊन ‘एक्सएलस्टार्ट’ नावाच्या फोल्डरमध्ये असतं. ते कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या बाईंच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरलेलो नाही. कोड पुन्हा लिहिता येतो, पण महिनाअखेरच्या कितीतरी रात्री जागून सुचलेल्या युक्त्या पुन्हा आठवतीलच असं नाही.

म्हणून या फाइलचा पत्ता आजच काढून ठेवावा. एडिटरमध्ये कंट्रोल आणि जी दाबलं की खाली ‘इमिजिएट’ नावाची पट्टी उघडते. तिच्यात प्रश्नचिन्ह टाकून पुढे रोमन अक्षरांत ‘अ‍ॅप्लिकेशन डॉट स्टार्टअपपाथ’ लिहावं आणि एन्टर दाबावं. खालच्या ओळीत फोल्डरचा पूर्ण पत्ता येतो. ती फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी. कॉम्प्युटर बदलला की नव्या कॉम्प्युटरवरच्या त्याच फोल्डरमध्ये ठेवावी, मॅक्रो पुन्हा हजर होतात.

खरोखर पुसला जातो तेव्हा

मंगळवारचा मॅक्रो सापडला, आता सोमवारचा. आम्ही सोमवारची फाइल उघडली. वृक्षात ‘मॉड्यूल्स’ ही फांदीच नव्हती. मी फाइलच्या नावाचं शेपूट पाहिलं : एक्सएलएसएक्स. कारण कळलं.

२००७ च्या एक्सेलपासून नेहमीच्या फाइलींच्या दोन जाती झाल्या. एक्सएलएसएक्स ही साधी जात. तिच्यात आकडे, सूत्रं, रंग, तक्ते सगळं मावतं, पण मॅक्रो राहू शकत नाही. मॅक्रोसाठी एक्सएलएसएम ही जात आहे, शेवटचा एम मॅक्रोचा. ही वाटणी मुद्दाम केलेली आहे. शेपूट पाहून फाइलमध्ये कोड आहे की नाही हे आधीच कळावं, हा तिचा हेतू.

मॅक्रो असलेली फाइल साध्या जातीत सेव्ह करू लागलं की एक्सेल थांबवतं आणि एक लांबलचक सूचना दाखवतं. तिचा अर्थ असा, की या जातीत व्हीबीए प्रोजेक्ट राहणार नाही. मॅक्रोशिवाय सेव्ह करायचं असेल तर ‘येस’ दाबा, नाहीतर ‘नो’ दाबून दुसरी जात निवडा. आपल्याला सेव्ह करायचंच असतं, म्हणून हात आपोआप ‘येस’कडे जातो. मुलीनेही तेच केलं होतं. सोमवारचा मॅक्रो त्या क्षणी फाइलमधून वगळला गेला.

पण एक बचाव आहे आणि तो फार थोड्यांना माहीत असतो. ‘येस’ दाबलं तरी फाइल उघडी आहे तोवर मॅक्रो कॉम्प्युटरच्या स्मृतीत जिवंत असतो. एडिटरमध्ये दिसतो, चालतोही. तो जातो फाइल बंद केल्यावर. त्यामुळे चूक लगेच ध्यानात आली तर फाइल बंद न करता ‘सेव्ह अ‍ॅज’ म्हणावं आणि एक्सएलएसएम ही जात निवडावी. मॅक्रो वाचतो. सोमवारी रात्री ही एक गोष्ट तिला माहीत असती, तर ते रेकॉर्डिंग आज हातात असतं.

दिसतो, पण चालत नाही

काही वेळा तक्रार ‘मॅक्रो नाही’ अशी येते आणि मॅक्रो एडिटरमध्ये ढळढळीत असतो. नसतो तो चालवण्याचा परवाना. मॅक्रो म्हणजे आज्ञा, आणि आज्ञा वाईट हेतूनेही लिहिता येते. १९९९ च्या मार्चमध्ये ‘मेलिसा’ नावाचा विषाणू वर्डच्या मॅक्रोतून ईमेलने जगभर पसरला. तेव्हापासून मायक्रोसॉफ्ट मॅक्रोंच्या वाटेवर एकेक दार बसवत आलं आहे. २०२२ साली इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात झाली. ईमेलने आलेली फाइल उघडली की वर लाल पट्टी येते आणि मॅक्रो चालत नाही.

फाइल आपल्याच माणसाने पाठवलेली आहे याची पक्की खात्री असेल, तर ती बंद करून फोल्डरमध्ये तिच्यावर उजवं क्लिक करावं, ‘प्रॉपर्टीज’मध्ये तळाशी ‘अनब्लॉक’ ही चौकट दिसली तर तिच्यात खूण करावी आणि मग फाइल उघडावी. खात्री नसेल तर आधी पाठवणाऱ्याला फोन करावा. व्यापाऱ्याच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर शेतकऱ्यांची नावं आणि बँकखाती असतात, हे विसरून चालणार नाही.

दुसऱ्याच यंत्राची टिपणं

अलीकडे गोंधळाचं एक नवं कारण जोडलं गेलं आहे. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांत ‘ऑटोमेट’ नावाचा टॅब दिसतो आणि त्यावरही रेकॉर्डचं बटण असतं. दिसायला काम तेच, पण तो रेकॉर्डर वेगळा. तो व्हीबीएत लिहीत नाही. तो ‘ऑफिस स्क्रिप्ट’ तयार करतो आणि ती वनड्राइव्हवर ठेवतो. ऑल्ट-एफ११च्या एडिटरमध्ये ती कधीच दिसणार नाही. ती ‘ऑटोमेट’ टॅबवरच्या यादीत शोधायची. व्हीबीए मॅक्रो हवा असेल तर ‘डेव्हलपर’ टॅबवरचं किंवा ‘व्ह्यू’मधल्या ‘मॅक्रोज’खालचं रेकॉर्ड बटण वापरायचं. ‘डेव्हलपर’ टॅब सुरुवातीला लपवलेला असतो. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘कस्टमाइझ रिबन’मध्ये त्याच्यापुढे खूण केली की तो दिसू लागतो.

गूगल शीट्सचंही असंच आहे. तिथला रेकॉर्ड केलेला मॅक्रो ‘एक्स्टेन्शन्स’मधून उघडणाऱ्या अ‍ॅप्स स्क्रिप्टमध्ये जातो. एक्सेलचा मॅक्रो गूगल शीट्समध्ये चालत नाही, ब्राउझरमधल्या एक्सेलमध्ये चालत नाही आणि मोबाइलवरही चालत नाही. लिबरऑफिस वापरणाऱ्यांना तर मॅक्रो रेकॉर्डिंग आधी ‘ऑप्शन्स’मधल्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ भागात जाऊन सुरू करावं लागतं, त्याशिवाय ते मेनूत येतच नाही. ज्या यंत्राने टिपण घेतलं, त्याच यंत्राच्या कपाटात ते शोधायचं, हा नियम सगळीकडे लागू पडतो.

देवनागरीची प्रश्नचिन्हं

मराठीत काम करणाऱ्यांना आणखी एक अडथळा भेटतो, आणि इंग्रजी पुस्तकांत त्याची फारशी चर्चा नसते. एक्सेलच्या शीटमध्ये ‘कांदा’ व्यवस्थित लिहिता येतं, पण तोच शब्द कोडच्या एडिटरमध्ये लिहिला किंवा चिकटवला की त्याची प्रश्नचिन्हं होतात. मॅक्रो सापडतो, पण त्यातला मराठी मजकूर हरवलेला असतो.

याचं मूळ एडिटरच्या वयात आहे. हा एडिटर युनिकोडच्या आधीच्या पद्धतीने अक्षरं साठवतो. त्या पद्धतीत विंडोजकडे भाषेगणिक अक्षरांचा एक मर्यादित संच असे. रशियन, ग्रीक, अरबी यांचे असे संच होते, देवनागरीचा नव्हता. देवनागरी विंडोजमध्ये आली ती युनिकोडच्याच वाटेने. त्यामुळे या जुन्या एडिटरला आपलं अक्षर ठेवायला खणच नाही, आणि तो त्या जागी प्रश्नचिन्ह ठेवतो.

ज्या ऑफिसांत श्रीलिपीसारखे जुने फॉन्ट अजून वापरात आहेत, तिथे चित्र उलटं दिसतं. त्या पद्धतीत मराठी दिसणारा मजकूर आतून रोमन अक्षरांच्या आणि चिन्हांच्या संकेतांत साठवलेला असतो. एडिटरमध्ये तो निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो आणि फाइल बिघडली असं वाटतं. मजकूर शाबूत असतो, एडिटरकडे फक्त त्याचा फॉन्ट नसतो.

युनिकोडवाल्यांसाठी साधा आणि टिकाऊ उपाय असा : मराठी शब्द कोडमध्ये ठेवूच नयेत. ‘यादी’ किंवा ‘शीर्षकं’ नावाची एक वेगळी शीट करावी, तिच्या पेशींत ‘कांदा’, ‘गोल्टी’, ‘एकूण वजन’ असे शब्द लिहावेत आणि मॅक्रोला ते तिथून उचलायला सांगावं. एखादाच शब्द कोडमध्ये हवा असेल तर ‘सीएचआरडब्ल्यू’ या फंक्शनला अक्षराचा युनिकोड क्रमांक द्यावा. ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. ‘कांदा’ या शब्दासाठी २३२५, २३६६, २३०६, २३४२ आणि पुन्हा २३६६ असे पाच क्रमांक जोडावे लागतात : क, काना, अनुस्वार, द, काना. कोडमध्ये हे पाच क्रमांक मात्र इंग्रजी आकड्यांतच लिहायचे.

शीटचं नाव मराठीत असेल तर कोडमध्ये तिला त्या नावाने हाक मारू नये. प्रोजेक्ट एक्सप्लोररमध्ये प्रत्येक शीटची दोन नावं दिसतात : कंसात आपण दिलेलं आणि कंसाबाहेर ‘शीट१’सारखं एक्सेलने दिलेलं. बाहेरचं नाव वापरावं. ते खाली टॅबवर नाव बदललं तरी बदलत नाही.

शोधाचा क्रम

यापुढे कधी मॅक्रो दिसेनासा झाला तर घाबरून पुन्हा रेकॉर्ड करायला बसू नका. आधी ऑल्ट-एफ८ दाबून सगळ्या उघड्या फाइलींची यादी बघा. तिथे नसेल तर ज्या फाइलवर काम करताना रेकॉर्ड केला होता, ती शोधून उघडा आणि तिचं शेपूट तपासा. मग ऑल्ट-एफ११ दाबून डावीकडच्या प्रत्येक खोडाची ‘मॉड्यूल्स’ फांदी उघडा आणि प्रत्येक मॉड्यूलमध्ये डोकावा. पर्सनलचं खोडच नसेल तर नाकारलेल्यांची यादी आणि ‘एक्सएलस्टार्ट’ फोल्डर बघा. एवढ्यावरही मिळाला नाही, तर रेकॉर्ड कुठल्या टॅबवरून केला होता ते आठवा. या क्रमाला पाच मिनिटं लागतात. एवढं करूनही मिळाला नाही तर तो खरोखर गेला असं समजावं.

आणि सापडल्यावर एक गोष्ट करा. मॉड्यूलच्या नावावर उजवं क्लिक करून ‘एक्सपोर्ट फाइल’ म्हणा. सगळा कोड एका लहानशा मजकुराच्या फाइलमध्ये उतरतो. ती कुठल्याही कॉम्प्युटरवर ‘इम्पोर्ट’ करता येते. मॅक्रोला ‘मॅक्रो१’ ठेवू नका, रोमन अक्षरांत कामाचं नाव द्या, ‘रोजचीयादी’ असं. पहिल्या ओळीत एकेरी अवतरणचिन्ह टाकून तारीख आणि हेतू लिहा. त्या चिन्हापुढचा मजकूर एक्सेल वाचत नाही, तो माणसासाठी असतो.

त्या संध्याकाळी आम्ही मंगळवारचा मॅक्रो उघडला तेव्हा मुलीने पहिल्यांदाच स्वतःचं काम असं लिहिलेलं पाहिलं. ती एकेक ओळ बोटाने दाखवू लागली. “ही रिकाम्या ओळी काढल्या ती. ही गोल्टी वेगळी केली ती. आणि इथे मी चुकून दोनदा क्लिक केलं होतं, तेसुद्धा लिहिलंय.” ती जादा ओळ तिने खोडली, मॅक्रोला नाव दिलं आणि तो पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट केला.

दिवाणजींनी पेनड्राइव्ह हातात घेतला आणि टेबलाच्या त्या खणात ठेवला जिथे ते गेल्या वर्षाच्या काटापट्ट्या ठेवत. मग रोजमेळाच्या वहीत आजच्या तारखेखाली, रकमांच्या शेवटी, त्यांनी एक ओळ लिहिली : मॅक्रो, डावा खण.